स्वराला नाव असते : 'सादगी'च्या निमित्ताने

२१ जून २००७ रोजी, जागतिक संगीत दिनाचे औचित्य साधून, लता मंगेशकर यांचा 'सादगी' हा गीतसंग्रह रसिकांसमोर आला. संगीत मयूरेश पै या तरुण संगीतकाराचे होते, शब्दांत जावेद अख्तर यांचा वाटा होता आणि संग्रहात गझलेच्या वळणाची आठ गीते होती. गायिकेने तेव्हा वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षात पदार्पण केलेले होते. १९९१ मध्ये जगजित सिंग यांच्यासमवेत 'सजदा' हा संग्रह गायिल्यानंतर या वळणाच्या गायनाकडे त्या सोळा वर्षांनी वळत होत्या. मधल्या काळात चित्रपटगीतांची संख्याही कमी होत गेली होती. अशा वेळी नव्या कवितांना नव्या चाली लावून एका ज्येष्ठ गायिकेने पुन्हा ध्वनिमुद्रण कक्षात उभे राहावे, ही घटना वृत्तपत्रांतील चार ओळींच्या बातमीपुरती नव्हती. तिचा खरा अर्थ आज, लतादीदींच्या निधनानंतर, अधिक स्पष्टपणे ध्यानात येतो.

तो अर्थ समजून घेण्यासाठी १९४९ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी 'महल' हा चित्रपट प्रदर्शित झाला. खेमचंद प्रकाश यांनी संगीतबद्ध केलेल्या त्यातील एका गीताने देशभर वेड लावले. रसिकांनी ध्वनिमुद्रिका विकत घेतली, तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव छापलेले होते 'कामिनी'. कामिनी हे पडद्यावरील पात्राचे नाव. प्रत्यक्ष गाणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीचा त्यावर उल्लेखही नव्हता, कारण पार्श्वगायकाचे नाव द्यावे अशी पद्धतच तेव्हा रूढ नव्हती. हा आवाज कोणाचा, अशी विचारणा करणारी पत्रे आकाशवाणीकडे येऊ लागली आणि मग ते नाव लोकांना कळले. आवाज घरोघर पोहोचला होता, पण त्या आवाजाची धनीण मात्र अनामिक होती. सात वर्षांपूर्वी, एप्रिल १९४२ मध्ये, वडील मास्टर दीनानाथ यांचे पुण्यात निधन झाले आणि पाच भावंडांतील या थोरल्या मुलीच्या खांद्यावर संसाराचा भार आला. अशा मुलीने नावासाठी हट्ट धरावा, अशी परिस्थिती नव्हती. तरीही पुढील आयुष्यभर तिने जो लढा दिला, तो याच प्रश्नाचा होता : गाण्यात गाणाऱ्याचा अधिकार कोणता?

लतादीदींच्या स्वभावातील मृदुतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यांच्या करारीपणाविषयी त्या मानाने कमी. 'चोरी चोरी' चित्रपटाच्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या समारंभात गाण्यास दीदींनी नकार दिला. पार्श्वगायकासाठी पुरस्कारच नसेल तर गायकाने तेथे गावे कशाला, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. पुढे १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला. साठच्या दशकाच्या आरंभी त्यांनी गायकालाही ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून मानधनाचा वाटा मिळाला पाहिजे, अशी भूमिका घेतली. महंमद रफी यांचे मत वेगळे होते. ठरलेले पैसे मिळाले की गायकाचा हक्क संपला, असे त्यांना वाटे. या मतभेदापायी दोघे काही वर्षे एकत्र गायिले नाहीत. या वादात कोण बरोबर होते, याचा निवाडा व्यक्तिगत प्रेमाने करण्याचे कारण नाही. एक तरुण स्त्री, व्यवसायाच्या ऐन भरात, आपले नुकसान होऊ शकते हे दिसत असतानाही तत्त्वासाठी उभी राहिली, एवढे तरी मान्य करावेच लागते.

चित्रपटसृष्टीत गायिकेला निवडीचे स्वातंत्र्य थोडेच असते. प्रसंग दिग्दर्शकाचा, शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि चेहरा नायिकेचा. खासगी गीतसंग्रहात मात्र गायिकेला विचारता येते की, मला काय गायचे आहे? लतादीदींच्या अष्टपैलुत्वाचा खरा पुरावा त्यांच्या चित्रपटगीतांइतकाच या खासगी संग्रहांत सापडतो. हृदयनाथांच्या संगीतात त्या ज्ञानेश्वरांच्या रचना गायिल्या, मीरेची पदे गायिल्या, गालिबच्या गझला गायिल्या आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांची कविताही गायिल्या. सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' हे नाटक दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले होते. त्या घराण्याचा वारसाच लेकीने आपल्या गळ्यातून पुढे नेला. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९७४ मध्ये, 'शिवकल्याण राजा' आला आणि मराठी घरांत तो पूजेच्या वस्तूसारखा जपला गेला. श्रीनिवास खळे यांच्या चालींवर त्यांनी तुकोबांचे अभंग गायिले आणि पंडित भीमसेन जोशी यांच्यासमवेत 'राम श्याम गुणगान'ही गायिले.

या यादीत 'अष्टपैलू' या शब्दाचा नेमका अर्थ दडलेला आहे. अनेक भाषांत, अनेक ढंगांत गाणारे गायक पुष्कळ आहेत. परंतु मीरेच्या पदातील आर्तता गालिबच्या गझलेत गळू न देणे आणि गालिबची नजाकत तुकोबांच्या अभंगात शिरू न देणे, हे प्रत्येक परंपरेचा मान राखणाऱ्यालाच साधते. दिलीपकुमार यांनी तरुणपणीच्या लताबाईंच्या उर्दूविषयी शंका काढली होती. मराठी मंडळींच्या उर्दू उच्चारांना वरणभाताचा वास येतो, अशा आशयाचा तो शेरा होता. बोलणारा मोठा नट, ऐकणारी कोवळी मुलगी. दुसरी एखादी दुखावून गप्प बसली असती. या मुलीने एका मौलवींची शिकवणी लावून उर्दू शिकून घेतली. साठ वर्षांनी 'सादगी'त ही भाषा त्यांच्या ओठी आली, तेव्हा तिच्यामागे त्या शेऱ्याला दिलेले आयुष्यभराचे उत्तर उभे होते.

'सादगी' म्हणजे साधेपणा. मराठी रसिकाला या शब्दाशी लागून आणखी एक आठवण येणे स्वाभाविक आहे. १९६५ साली भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' या चित्रपटाला 'आनंदघन' नावाच्या संगीतकाराने संगीत दिले होते. राज्य शासनाचा सर्वोत्कृष्ट संगीताचा पुरस्कार त्यास मिळाला, तेव्हा आनंदघन म्हणजे सभागृहात शांतपणे बसलेल्या लतादीदीच, हे उपस्थितांना कळले. 'महल'च्या वेळी नाव दुसऱ्यांनी लपवले होते. आनंदघनाच्या वेळी ते स्वतः झाकून ठेवले. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात कलावंताचा हक्क हिरावला जातो, दुसऱ्यात कलावंत स्वतःच्या इच्छेने मागे राहतो. २००७ च्या संग्रहाचा साधेपणाही या दुसऱ्या जातीचा होता. ज्या गायिकेपुढे कोणताही वाद्यवृंद, कोणताही प्रख्यात संगीतकार हात जोडून उभा राहिला असता, तिने एका तरुण संगीतकाराच्या चाली पत्करल्या आणि दिखाव्याला वाव नसलेला काव्यप्रकार निवडला.

त्या वेळी बाजारात काय चालले होते, हेही पाहिले पाहिजे. २००२ मध्ये 'समाधी' (१९७२) या चित्रपटातील लतादीदींच्या एका गीताचे रिमिक्स आले आणि तेव्हापासून जुन्या गाण्यांच्या अशा अवतारांचा पूरच लोटला. ढोलकी-तबल्याच्या जागी यांत्रिक ठेका, मूळ स्वराच्या जागी उसना स्वर आणि सोबत डोळे दिपवणारी दृश्ये. त्या काळच्या कायद्यातही याला वाट होती. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमातील एका तरतुदीनुसार, मूळ ध्वनिमुद्रण होऊन दोन वर्षे उलटली की सूचना देऊन आणि ठरावीक स्वामित्वधन भरून त्याच गीताची नवी आवृत्ती काढता येत असे. मूळ कवी-संगीतकारांचे मन वळवण्याची गरज नव्हती, मग गायकाची कोठून असणार? २०१२ च्या दुरुस्तीने ही तरतूद बदलून मुदत पाच वर्षांची केली, मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने आणली आणि गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा समान वाटा दिला. कलावंताला आपल्या सादरीकरणाची मोडतोड रोखण्याचा नैतिक अधिकारही याच दुरुस्तीने मिळाला. या दुरुस्तीसाठी राज्यसभेत आग्रहाने बोलणाऱ्यांत जावेद अख्तर होते. १९६० च्या दशकात एका गायिकेने एकाकीपणे उपस्थित केलेला प्रश्न पन्नास वर्षांनी संसदेत पोहोचला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

जुन्या लताला नव्या ठेक्यावर नाचवून बाजार तिचे 'पुनरागमन' घडवीत असता खऱ्या लतादीदींनी स्वतःचे पुनरागमन कसे केले? त्यांनी आपलीच जुनी गाणी पुन्हा गायिली नाहीत. तसे करणे सोपे होते आणि खपाचीही खात्री होती. त्यांनी आठ नवी गीते घेतली आणि आपल्या वयाच्या आवाजात ती लोकांपुढे ठेवली. रिमिक्सला याहून सभ्य उत्तर असू शकत नव्हते. पुढे २०१८ मध्ये, जावेद अख्तर यांच्याशी झालेल्या संभाषणाचा उल्लेख करून, त्यांनी जुन्या गीतांच्या विद्रूपीकरणाविरुद्ध जाहीर निवेदन केले. ते शब्दांतील उत्तर होते. स्वरांतील उत्तर त्यांनी अकरा वर्षे आधीच देऊन ठेवले होते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे, कारण तो लतादीदींवर प्रेम करणाऱ्यांनीच घेतलेला आहे. आवाज पूर्वीसारखा राहिलेला नसताना गावे कशाला? शिखरावर असतानाच थांबावे, म्हणजे लोकांच्या कानांत सर्वोत्तम तेच राहते, असा हा युक्तिवाद आहे. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? वयाबरोबर स्वरतंतूंची लवचीकता कमी होते, कंठातील कूर्चा कठीण होत जाते, छातीचा भाता पूर्वीइतका भरत नाही. लांब पल्ल्याच्या ओळी एका श्वासात पेलणे कठीण होते, तार सप्तकातील सहजता ओसरते. सत्त्याहत्तराव्या वर्षी 'महल'मधील आवाज कोणाचाही राहत नाही. 'सादगी' ऐकताना हे वय जाणवते आणि ते लपवण्यात अर्थही नाही. हा संग्रह त्यांच्या पन्नास-साठच्या दशकांतील शिखरांच्या तोडीचा आहे, असा दावा करण्याचेही कारण नाही.

मात्र या आक्षेपाच्या मुळाशी जी अपेक्षा आहे, तिची तपासणी व्हायला हवी. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत आपण वृद्ध गवयाचा थकलेला आवाज आदराने ऐकतो. तान पूर्वीसारखी सुटत नाही हे कळत असूनही स्वराचे लावणे, शब्दाची फेक आणि रागाचा विचार यांसाठी रसिक पुढच्या रांगेत बसतो. आषाढीला दिंडीत म्हाताऱ्या वारकऱ्याचा अभंग ऐकताना कोणी त्याचा सूर मोजत नाही. मग ज्या कंठाने तीन पिढ्यांना सोबत केली, त्याच कंठाला वय वाढवण्याची मुभा आपण का नाकारतो? चित्रपटाने आपल्याला एक सवय लावली. नायिका बदलत गेल्या, त्या नेहमीच विशीतल्या राहिल्या आणि त्यांच्यामागचा आवाजही सदैव विशीतलाच असावा, असे आपण गृहीत धरून बसलो. गझलेचे तसे नाही. तिथे द्रुत तानांपेक्षा शब्दाला महत्त्व आहे, दोन ओळींमधील थांबण्यालाही अर्थ आहे. तारुण्यात जो विरह कल्पनेने गायिला जातो, तो वार्धक्यात आठवणीने गायिला जातो. असा काव्यप्रकार निवडण्यात गायिकेची विनम्रता होती आणि आपल्या कंठाची अचूक पारखही.

लतादीदींच्या आयुष्यात याआधीही एकदा सक्तीची शांतता आली होती. १९६२ मध्ये त्या गंभीर आजारी पडल्या आणि सुमारे तीन महिने अंथरुणाला खिळून होत्या. पुन्हा गाता येईल की नाही, अशी शंका घरच्यांना वाटत होती. त्यातून उठल्यावर हेमंतकुमार यांच्या संगीतात 'बीस साल बाद'साठी त्या गायिल्या आणि त्या गीताला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ते पुनरागमन आजारावरील विजयाचे होते. काही महिन्यांत आवाज पूर्ववत झाला. २००७ च्या पुनरागमनात मात्र वयावर विजय मिळवण्याचा आव नव्हता. काळ पुढे गेला आहे हे मान्य करून, त्या काळासह गाण्याची ती तयारी होती. पहिल्यासाठी जिद्द लागते. दुसऱ्यासाठी जिद्दीबरोबर मनाचा मोठेपणाही लागतो.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी हा स्वर शांत झाला. त्यानंतर जो प्रश्न उभा राहिला आहे, त्याची कल्पना २००७ मध्ये कोणी केली नसेल. संगणकीय बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आता कोणाच्याही आवाजाची नक्कल करता येते. दिवंगत गायकांकडून नवी गाणी 'गाऊन' घेता येतात. २०२४ मधील 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटासाठी ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज याच तंत्राने वापरले. त्यांनी कुटुंबीयांची संमती घेतली होती. सर्वच ठिकाणी एवढे सौजन्य पाळले जात नाही. त्याच वर्षी अरिजित सिंग यांना आपल्या आवाजाच्या नकलांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि न्यायालयाने त्यांना संरक्षण दिले. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

लतादीदींच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून साठ वर्षांनी संपतो. १९४९ च्या ध्वनिमुद्रणांची मुदत २००९ अखेर संपली. त्यानंतर दर नव्या वर्षी त्यांच्या तरुण स्वराचा एकेक हिस्सा सार्वजनिक होत आहे. जुनी गाणी सर्वांना मुक्तपणे ऐकायला मिळावीत, हे योग्यच आहे. परंतु त्याच ध्वनिमुद्रणांवर यंत्राला शिकवून विशीतल्या लताकडून कोणतेही शब्द वदवून घेता येतील, ही त्याची दुसरी बाजू आहे. जो आवाज पुण्या-मुंबईच्या घरांत पहाटेची पवित्रता घेऊन येत असे, त्याच्याकडून उद्या एखादी उथळ जाहिरात गाऊन घेतली गेली, तर नकार द्यायला ती गायिका येथे असणार नाही. १९४९ मध्ये आवाज होता आणि नाव नव्हते. आता नाव असेल, आवाजही असेल, परंतु त्यामागे इच्छा करणारी, पसंत-नापसंत ठरवणारी व्यक्ती नसेल. 'कामिनी' पुन्हा अवतरेल, तीही अधिक विदारक रूपात.

म्हणूनच 'सादगी'कडे नव्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. यंत्र आवाजाचा पोत उचलू शकते. सत्त्याहत्तराव्या वर्षी काय गावे, कोणाची चाल पत्करावी, जुने गाणे पुन्हा का गाऊ नये, हे ठरवण्यामागे जे शहाणपण असते ते यंत्राला उचलता येत नाही. पुढे २०१२ मध्ये दीदींनी स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था सुरू केली आणि पहिला मान स्वामी समर्थांच्या महामंत्राला दिला, तोही त्यांचाच निर्णय होता. कलावंताचे पुनरागमन म्हणजे त्याच्या इच्छेचे पुनरागमन. ती इच्छा वगळून जे परत आणले जाते, ती केवळ प्रतिमा असते, मग ती रिमिक्सने आणलेली असो वा संगणकाने.

कायद्याने आपले काम करावे. मृत कलावंताच्या आवाजाचे रक्षण कोणी आणि किती वर्षे करायचे, याची स्पष्ट तरतूद संसदेने करणे आवश्यक आहे. पण कायद्याच्या आधी रसिकांची अभिरुची येते. रिमिक्सचा बाजार विकत घेणाऱ्यांनी उभा केला होता. नकली आवाजांचा बाजारही ऐकणारेच उभा करतील किंवा मोडतील. सदैव तरुण राहणाऱ्या लताचा हट्ट आपण धरला, तर तो हट्ट पुरवणारे व्यापारी उद्या दारात उभे राहतील. ज्या घरात मुलांना गाणे ऐकवताना ते कोणी लिहिले, कोणी बांधले, कोणी आणि कोणत्या वयात गायिले हे सांगितले जाते, त्या घरातील मुलांना खऱ्या-खोट्याची पारख वेगळी शिकवावी लागणार नाही.

दर २८ सप्टेंबरला आणि ६ फेब्रुवारीला घरोघर दीदींची जुनी गाणी लावली जातात. त्या गाण्यांत एखादे 'सादगी'मधील गीतही असावे. नातवंडांनी विचारावे की, हा आवाज थोडा निराळा का वाटतो. आणि आजी-आजोबांनी सांगावे की, दीदी तेव्हा आपल्याच वयाच्या होत्या, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या इच्छेने गात होत्या आणि ध्वनिमुद्रिकेवर त्यांचे स्वतःचे नाव होते.